जसे आले तसे पुढे पाठवले

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आपल्या करवीरात दत्तमहाराज रोज माध्यान्ही भिक्षेला येतात, ही श्रद्धा आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. स्नान काशीला, भिक्षा कोल्हापुरात आणि निद्रा माहूरला, असा महाराजांचा नित्यक्रम सांगतात. शहरात भिक्षालिंगाचे स्थान आहे, तिथे आपल्यापैकी पुष्कळजण दर्शनाला जातात. माझी आई तर दुपारी बाराच्या सुमाराला दारात कोणी 'अलख' म्हणाले, की हातातले काम टाकून उठायची. "कुठल्या रूपात येतील सांगता येत नाही," म्हणायची. कधी पसाभर पीठ, कधी अर्धी भाकरी, पण रिकाम्या झोळीने आमच्या दारातून कोणी परत गेल्याचे मला आठवत नाही.

अशा आईचा मी मुलगा. आणि भिक्षेला आलेल्या एका माणसाला माझ्या दारासमोर, माझ्याच पाठवलेल्या शब्दांमुळे, जमावाने घेरले. ही गोष्ट मी आजवर घराबाहेर कोणाला सांगितली नाही. दत्तजयंतीच्या अंकात ती सांगावी की नाही, याचा पुष्कळ विचार केला. शेवटी वाटले, आपण सगळे गुरुबंधू-भगिनी आहोत, इथे नाही सांगायची तर कुठे सांगायची? शिवाय त्यातून निघणारा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. ज्याच्या ज्याच्या हातात मोबाइल आहे, त्या प्रत्येकाचा आहे. दुसऱ्याचे शब्द आपण पुढे पाठवले, तर त्यांचे पाप-पुण्य आपल्या खात्यावर पडते का?

२०१८ चा जून महिना होता. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. मुले पळवणारी टोळी आली आहे, असा मजकूर त्या दिवसांत महाराष्ट्रभर फिरत होता, अनेकांना आठवत असेल. माझ्याकडे तो नात्यातल्या एकाकडून आला. 'साधूच्या वेशात येतात, भिक्षेच्या निमित्ताने गल्लीत शिरतात' असे त्यात होते आणि सोबत अंगावर काटा आणणारा एक फोटो होता. गाव कोणते, तारीख कोणती, काही नव्हते. माझी नात तेव्हा पहिलीत होती, रिक्षाने शाळेला जायची. मजकूर वाचून माझ्या पोटात गोळा आला आणि दोन मिनिटांत मी तो आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. वर स्वतःचे एक वाक्य जोडले, 'सर्वांनी दक्ष राहावे.' मजकुराची शेवटची ओळ मुळातच होती, 'जसे आले तसे पुढे पाठवले.' ती मी तशीच राहू दिली. खरे सांगायचे तर त्या ओळीमुळे मला बरेच वाटले. आपण फक्त निरोप दिला, बाकी आपल्यावर काही नाही.

चार-पाच दिवस गेले. दुपारी जेवायला बसलो होतो. बाहेर गलका ऐकू आला म्हणून हात धुऊन फाटकापाशी गेलो. आमची कॉलनी एमआयडीसीला लागून आहे, बहुतेक घरे फौंड्रीत नाहीतर मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्यांची. पहिली पाळी सुटायची वेळ नव्हती, पण रात्रपाळी करून झोपलेली पोरे उठून आली होती, बायका होत्या, दुकानातला माणूस होता. मधे भगव्या कपड्यातला एक म्हातारा गोसावी, खांद्याला झोळी, हातात डमरूसारखे वाद्य. त्याच्या धोतराला धरून सहा-सात वर्षांचा एक पोरगा उभा होता.

"हे पोरगं कुणाचं हाय, आधी ते सांग."

"नातू हाय साहेब माझा. पोरीचं पोर हाय."

"आधार कार्ड काढ त्याचं."

म्हातारा झोळीत चाचपडायला लागला. पोरगा रडायला लागला. रडल्यावर तर लोकांचा संशय आणखीच वाढला. एकाच्या हातात काठी होती. दुसऱ्याने मोबाइल काढला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली, 'साधूच्या वेशात येतात...' आणि वाचून झाल्यावर तो जे म्हणाला ते मी आयुष्यात विसरणार नाही. "हे काय कुणी पण टाकलेलं न्हाई. बँकेतल्या काकांनी टाकलंय. त्यांनी चौकशी करूनच टाकलं असणार की."

बँकेतले काका म्हणजे मी. मी तिथेच होतो. त्या वेळी मी काय म्हणायला हवे होते? 'बाबांनो, मी कसलीही चौकशी केलेली नाही, तो मजकूर खरा की खोटा मला माहीत नाही.' एवढेच. पण तेवढे शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले नाहीत. मी म्हणालो, "मारू नका कोणी, पोलिसांना फोन करू." बोललो ते चुकीचे नव्हते, पण जे बोलायला हवे होते ते गिळले. सगळ्यांसमोर लाज वाटली, दुसरे काही नाही.

सोडवले ते समोरच्या आजींनी. गर्दी बाजूला सारत त्या पुढे आल्या, गोसाव्याकडे निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "आरं, ह्यो तर दर साली येतोय की! माझ्या सासूनं ह्येच्या बापाला पीठ वाढलंय." मग घरात गेल्या, सुपातून जोंधळे घेऊन आल्या आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या झोळीत घातले. पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. त्यानंतर काठीवाल्याला काठी कुठे ठेवावी ते कळेना. पोलीस आले, त्यांनी कागद पाहिले, गावाकडे फोन लावून खात्री केली आणि दोघांना बसस्टॉपपर्यंत पोहोचवले.

निघताना म्हातारा माझ्या फाटकापाशी पाणी प्यायला थांबला. तांब्या परत देताना त्याने विचारले, "साहेब, ते मोबाइलमधलं कुणी लिवलंय?"

मला उत्तर देता आले नाही. लिहिले कोणी, ते मला खरोखरच माहीत नव्हते. पाठवले कोणी, ते मात्र माहीत होते.

त्यानंतर काही दिवसांतच, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी काय झाले ते आपण वर्तमानपत्रात वाचले. रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागायला आलेल्या पाच माणसांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून मारून ठार केले. ती पाचही माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातली. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून भिक्षा मागणारी ही माणसे. नवनाथ भक्तिसार आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी श्रावणात वाचला जातो. मच्छिंद्रनाथांना अनुग्रह दत्तगुरूंनी दिला, असे त्यात आहे. म्हणजे जे मारले गेले ते आपल्याच गुरुघराण्याची झोळी खांद्याला लावून निघालेले होते. महाराज भिक्षेच्या रूपात येतात म्हणायचे, आणि भिक्षेला आलेल्याला चोर म्हणून मारायचे.

ती बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेले नाही. राईनपाड्यात जो मजकूर फिरला तो माझ्या हातून गेलेला नव्हता, हे मला कळत होते. पण आमच्या कॉलनीत आजी नसत्या तर? फरक तेवढाच होता.

आता मी माझ्या धंद्याचे बोलतो, कारण हा प्रश्न मला सुटला तो बँकेच्या नियमातून. छत्तीस वर्षे मी काउंटरवर आणि क्लिअरिंगला काढली. पूर्वी चेकच्या पाठीमागे सही करून तो दुसऱ्याला देता यायचा. समजा, शिरोलीतल्या एखाद्या फौंड्रीवाल्याला गिऱ्हाइकाकडून चेक मिळाला. त्याने मागे सही करून तो वाळूवाल्याला दिला. वाळूवाल्याने मागे सही करून ट्रकवाल्याला दिला. आता चेक वटला नाही, तर ट्रकवाल्याने कोणाला धरायचे? १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट सांगतो की चेक लिहिणाऱ्याला तर धरता येतेच, पण पाठीमागे सही करून पुढे देणारा प्रत्येकजणही बांधील असतो, फक्त त्याला वेळेत कळवले पाहिजे. 'चेक मी कुठे लिहिला होता, माझ्याकडे आला तसा दिला,' हे उत्तर चालत नाही. पाठीमागच्या सहीचा अर्थच असा, की हा कागद चांगला आहे आणि नसला तर माझ्याकडे या.

कायद्याने यातून एक वाटही ठेवली आहे. सही करताना 'विदाऊट रिकोर्स' असे शब्द लिहायचे. म्हणजे, कागद वटला नाही तर माझ्याकडे येऊ नका. असा कागद काउंटरवर आला तर आम्ही काय करायचो? दोनदा बघायचो, साहेबांना दाखवायचो. जो स्वतः पुढे दिलेल्या कागदाची जबाबदारी घ्यायला तयार नाही, त्याच्या भरवशावर पैसे कोण मोजणार?

'जसे आले तसे पुढे पाठवले' ही ओळ म्हणजे हेच 'विदाऊट रिकोर्स'. पण बँकेत ज्या शब्दांनी आम्ही सावध व्हायचो, ते शब्द मोबाइलवर आले की आपण निर्धास्त होतो. आणि अशी वाट पैशाच्या व्यवहारात चालते, कारण तिथे नुकसान रुपयांत मोजता येते आणि घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घेतलेले असते. बोलण्यात नुकसान होते ते तिसऱ्याच माणसाचे. त्याने आपला कागद घेतलेला नसतो, मागची ओळ वाचलेली नसते. त्या गोसाव्याला तर वाचताही येत नव्हते.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. कागदाला किंमत येते ती पाठीमागच्या सहीमुळे. अनोळखी माणसाचा चेक बाजारात कोणी घेत नाही, पण त्यावर पत असलेल्या व्यापाऱ्याची सही पडली की तो चालतो. माझ्याकडे आलेला मजकूर बेवारस होता. त्याला पत दिली ती मी. छत्तीस वर्षे लोकांचे पैसे मोजून देताना एक रुपया इकडचा तिकडे केला नाही, त्याची जी पत होती ती मी दोन मिनिटांत त्या कागदाला लावली. म्हणून मला वाटते, आपल्यासारख्या वयस्कर, देवधर्म करणाऱ्या, गल्लीत मान असलेल्या माणसांनी तर जास्त जपले पाहिजे. टवाळ पोराने काही पाठवले तर लोक हसून सोडतात. काकांनी, आजोबांनी, देवळातल्या काकूंनी पाठवले की लोक काठी घेऊन बाहेर येतात.

यावर माझेच मन माझ्याशी भांडले, तेही सांगतो. मन म्हणाले, हेतू तर चांगला होता. होता, खरे आहे. पण नातीची काळजी होती तर तिच्या रिक्षावाल्याला फोन करायचा, शाळेत जाऊन विचारायचे, पोलीस चौकीत चौकशी करायची. हे सगळे कष्टाचे होते. मजकूर पुढे ढकलायला कष्ट नव्हते, आणि काहीतरी केल्याचे समाधान तेवढेच मिळाले. मन म्हणाले, हजारोंनी पाठवला, त्यात माझा एक. पण चेकवर दहा सह्या असल्या तरी प्रत्येक सही करणारा पूर्ण रकमेला बांधील असतो. सह्या वाढल्या म्हणून कोणाची जबाबदारी दहाव्या भागावर येत नाही. मन म्हणाले, आणि खरे निघाले असते तर? तर गाव, वेळ, गाडीचा नंबर असे काहीतरी त्यात असते आणि ते आधी पोलिसांना सांगायचे असते. 'साधूच्या वेशातले लोक' ही खबर नव्हे. एका सबंध समाजावर बोट दाखवणे आहे ते.

या मजकुरांची बोलण्याची तऱ्हा मी नंतर लक्ष देऊन पाहू लागलो. व्हाउचर तपासायची सवय, दुसरे काय! त्या बहुतेक ठरलेल्याच असतात. पहिली तऱ्हा घाईची, 'ताबडतोब सर्वांना पाठवा.' विचाराला वेळच द्यायचा नाही. दुसरी शपथेची, 'खरे भक्त असाल तर पाठवाल,' 'आईवर प्रेम असेल तर थांबणार नाही.' म्हणजे न पाठवणारा भक्तही नाही आणि मुलगाही नाही. आपल्या महाराजांच्या नावाने तर हे फारच चालते, अकरा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत शुभवार्ता मिळेल, नाही पाठवले तर संकट. ज्यांनी जन्मभर झोळी घेऊन भिक्षा मागितली, ते असा धाक घालून स्वतःचा प्रचार करून घेतील का? तिसरी तऱ्हा गुपिताची, 'हे कुठल्याही चॅनेलवर दाखवणार नाहीत.' त्यामुळे पुरावा नाही, हाच पुरावा ठरतो. चौथी फार साळसूद, प्रश्नाची. 'हे खरे आहे का?' असे वर लिहायचे आणि खाली कोणाची तरी अब्रू काढायची. विचारणारा नामानिराळा, आणि वाचणाऱ्याच्या मनात प्रश्नचिन्ह गळून जाऊन नुसता आरोप राहतो. पाचवी उसन्या सहीची, खाली कुठल्यातरी डॉक्टरांचे, पोलीस अधिकाऱ्याचे नाहीतर थोर संताचे नाव. त्या बिचाऱ्यांना याचा पत्ताही नसतो. बँकेत याला बनावट सही म्हणतात.

या सगळ्या तऱ्हांचे काम एकच, वाचणारा आणि पाठवणारा यांच्यामध्ये विचाराला जागा राहू नये. आपल्याकडे वाणीच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत, परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी. शब्द आत उगवतो, आकार घेतो, मनात घोळतो आणि शेवटी ओठावर येतो. पुढे पाठवलेल्या मजकुराला पहिल्या तिन्ही पायऱ्या नाहीत. तो डोळ्यांतून येतो आणि अंगठ्यातून जातो. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. बोलणे दुसऱ्याला उद्वेग न देणारे हवे, खरे हवे, गोड हवे आणि हिताचेही हवे. यातली एकही कसोटी मी त्या दोन मिनिटांत लावली नव्हती.

त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या मजकुरावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. चांगलेच झाले. पण कंपनीने पाचाची मर्यादा घातली, म्हणून पाचांना खोटे पाठवायची मुभा मिळत नाही. आपल्या कोल्हापुरालाही हे पुढे पाहावे लागले. ७ जून २०२३ ला मोबाइलच्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावे लागले. कोण बरोबर, कोण चूक, यात मी पडत नाही. पण एका बोटाएवढ्या चित्राने सबंध शहराचे दरवाजे लागले, हे आपण डोळ्यांनी पाहिले.

मग काय, बोलायचेच नाही? मोबाइल गुंडाळून ठेवायचा? काही मंडळी तसे म्हणतात. मला ते पटत नाही, आणि त्याला कारण आपल्याच तालुक्यात आहे. आपल्या हातकणंगले तालुक्यातल्या माणगावला २१ आणि २२ मार्च १९२० ला परिषद भरली, राजर्षी शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर एका मांडवात आले. त्याच्या थोडे आधी, ३१ जानेवारी १९२० ला, बाबासाहेबांनी 'मूकनायक' हे पत्र काढले होते आणि शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपये मदत दिली होती. पत्राचे नावच पाहा. ज्यांना शतकानुशतके तोंड उघडू दिले नाही, त्यांच्या वतीने बोलणारे पत्र. तेव्हा मौन म्हणजे नेहमीच पुण्य असे नाही. मौन आपण होऊन धरलेले असेल तर तप, आणि दुसऱ्याने लादलेले असेल तर जुलूम. मी त्या दिवशी फाटकापाशी धरले ते तर या दोन्हींत बसत नाही. ते नुसते भेकडपण होते.

आणि चांगला निरोप कसा असतो, तेही याच मोबाइलने मला दाखवले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी महामार्गावर आले, शिरोलीजवळ रस्ता बंद झाला. तेव्हा ग्रुपवर निरोप यायचे, 'राजाराम बंधारा, इतके फूट इतके इंच, सकाळी इतक्या वाजता.' एक विशेषण नाही, उद्गारचिन्ह नाही. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इकडच्या लहान पोरालाही माहीत आहे. त्यामुळे आकडा वाचला की कोणी काय करायचे ते ज्याचे त्याला कळायचे. कोणी जनावरे हलवली, कोणी म्हाताऱ्या माणसांना आधीच पाहुण्यांकडे पाठवले. ठिकाण, वेळ, आकडा, सांगणारा कोण. व्हाउचरवर आम्ही हेच तर बघायचो! तोच ग्रुप, तोच अंगठा, पण त्या शब्दांनी माणसे वाचली.

न बोलताही पुष्कळ बोलता येते. ६ मे २०२२ ला शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सकाळी दहा वाजता कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी उभे राहिले. मी तेव्हा रस्त्याकडेला रिक्षातून उतरून उभा होतो. रिक्षावाला, मी, भाजीची पाटी घेतलेली एक बाई. एकमेकांचे नाव, जात, गाव काही माहीत नव्हते, आणि त्या वेळी कोणाला विचारावेसेही वाटले नाही. आजींनी झोळीत घातलेले जोंधळे मला त्याच जातीचे वाटतात. माझ्या सबंध मजकुरापेक्षा ते सूपभर जोंधळे जास्त बोलले.

दत्तप्रभूंच्या अवताराने, अवधूताने, चोवीस गुरू केले. भागवताच्या अकराव्या स्कंधात ती कथा येते आणि नाथमहाराजांनी ती आपल्या मराठीत आणली. त्यात एक गुरू हरिण आहे. पारध्याच्या गाण्याला भुलून ते धावत जाते आणि जाळ्यात सापडते. ऐकायला ओढ लावणारे सगळे आपल्या हिताचे नसते, हा त्याचा धडा. दुसरी गुरू एक कुमारिका आहे. घरात पाहुणे आलेले, ती आत एकटी भात कांडते आहे आणि हातातल्या बांगड्या वाजतात. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून ती एकेक बांगडी उतरवत जाते. दोन राहिल्या तरी वाजतात. शेवटी हातात एकच ठेवते तेव्हा आवाज थांबतो. कांडण मात्र चालूच राहते. मला यात विशेष वाटते ते हेच, की तिने काम सोडले नाही, फक्त जे विनाकारण वाजत होते ते काढले. मी अकरा ग्रुपांत होतो. आता तीन आहेत. कांडण चालू आहे.

गुरुचरित्रातली अमरापूरच्या घेवड्याच्या वेलाची कथा तर वाडीला जाणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. गरीब ब्राह्मणाच्या घरी श्रीगुरू भिक्षेला आले आणि जाताना त्याच्या पोटापाण्याचा वेलच तोडून गेले. बायको आकांत करू लागली, तेव्हा नवऱ्याने तिला समजावले, भिक्षेला आलेल्याला दोष देऊ नये. पुढे मुळाशी धनाचा कुंभ सापडला. आपण कुंभाचा चमत्कार सांगतो आणि पुढे जातो. कुंभ सापडायच्या आधी त्या माणसाने तोंड आवरले होते, ते आपल्या लक्षात राहत नाही. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक नव्हते. वेल तुटलेला मात्र डोळ्यांना दिसत होता. तरीही तो भिक्षेकऱ्याविषयी वाईट बोलला नाही. माझा तर वेलही कोणी तोडला नव्हता.

राईनपाड्याच्या बातमीनंतर दोन दिवसांनी मी कॉलनीच्या ग्रुपवर लिहिले, 'मुले पळवणाऱ्या टोळीचा मजकूर मी खात्री न करता पाठवला होता. तो खोटा होता. त्यामुळे आपल्या दारात एका निरपराध माणसाचा अपमान झाला. चूक माझी आहे.' खाली पूर्ण नाव घातले. पहिला मजकूर टाकला तेव्हा तासाभरात तीसेक अंगठे आले होते. या वेळी दोनच आले. काठीवाला पोरगा मात्र संध्याकाळी घरी आला, बराच वेळ काही न बोलता बसला आणि जाताना पाया पडला. मी त्याला म्हणालो, "अरे, माझ्या काय पाया पडतोस?" तो म्हणाला, "काका, मला झोप लागंना झालीया."

तेव्हापासून मी एक नियम केला आहे. जे त्या माणसाच्या तोंडावर, माझे नाव सांगून, मी म्हणू शकणार नाही, ते पुढे पाठवायचे नाही. नियम साधा आहे, पण पाळायला जड जातो. देवाच्या फोटोखाली कोणाची निंदा असली की ती लवकर लक्षात येत नाही. कधी चुकतो. चुकलो की जिथे पाठवले तिथेच कबूल करतो. चुकीची नोंद ज्या खात्यात पडली, त्याच खात्यात उलटी नोंद करावी लागते, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवले होते.

तो गोसावी पुन्हा आमच्या गल्लीत आला नाही. आजी गेल्या, त्यांच्यानंतर त्याला ओळखणारेही कोणी राहिले नाही. दुपारी बाराच्या सुमाराला मी अजून फाटकापाशी खुर्ची टाकून बसतो. घरचे म्हणतात, उन्हात कशाला बसता? मी काही सांगत नाही. आत ताटलीत पीठ काढून ठेवलेले असते.

॥ श्री दत्तार्पणमस्तु ॥